गुलाबरावाचे पाव्हणे

नागपूर-वर्धा फेरीवर अर्धं आयुष्य कंडक्टरकी केली, तेव्हा वाटायचं की किस्से फक्त एसटीतच घडतात. रिटायर होऊन केळझरजवळच्या आमच्या गावात परतलो, तर इथं कडुनिंबाखाली बसल्या बसल्या ते अंगावर गळायला लागले. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी सगळं गाव वावरात असतं. मागे राहतो आम्ही तिघं: गुडघ्यांमुळे मी, कानांमुळे लक्ष्मणमामा आणि चाव्यांमुळे सुमनबाई.

चाव्यांमुळे, कारण वावरात जाताना चौदा घरं आपापली चावी तिच्याकडे देऊन जातात. पदराला बांधलेल्या त्या चाव्या ती चालली की बारीक वाजत राहतात, आणि मला हमखास डुलकी लागते. असे आम्ही गावाचे पहारेकरी.

*

पूर्वी अनोळखी माणूस दिसला की मामा विचारायचे, "कोनाचे पाव्हणे?" आणि तो तोंड उघडण्याआधी स्वतःच सांगायचे, "मारोतरावाचे असान." समोरचा म्हणायचा, "हो." असा एक पाहुणा चहा पिऊन मारोतरावाची पाण्याची मोटर घेऊन गेला. मोटर गाडीवर चढवायला हात मामांनीच लावला होता. मारोतराव अजून त्यांच्याशी बोलत नाही.

*

मग आम्ही गुलाबराव काढला. या नावाचा माणूस गावात नाही, कधी नव्हता. "गुलाबरावाचे का?" असं विचारायचं, हो म्हटलं की विनातिकीट पॅसेंजर सापडला समजा.

पहिल्याच आठवड्यात एक टायवाला आला. "हो हो, गुलाबरावांनीच बोलावलंय."

"कसे हायेत ते?" मामांनी विचारलं.

"एकदम मजेत."

"बरं झालं बापा. आमाले वाटलं, जन्मालेच नाई आले."

टायवाल्यानं गाडीला किक मारली ती थेट हायवेपर्यंत.

*

एकदा मात्र शेजारच्यांचा नवा जावई सापडला. सासुरवाडीत पहिल्यांदा एकटा आलेला जावई, तो कशाला नाही म्हणणार? मान खाली घालून "हो" म्हणाला. दोन तास त्याला झाडाखाली बसवून ठेवला. मधे दोनदा चहा दिला, कारण संशयित झाला तरी दारी आलेला माणूस. सासरे वावरातून आले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

जावई हळूच म्हणाला, "मले वाटलं, गुलाबराव चुलतसासरे असतीन."

*

दागिने पॉलिश करून देणारा आला तेव्हा सुमनबाई एकटीच होती. ती म्हणाली, "सोनं मंग पाहू, पयले भांडे घास." आधी तांब्या, मग परात, मग शेजारपाजारचे पाणी भरायचे पितळी गुंड. चार वाजता तो पावडर तिथंच टाकून पळाला. त्या दिवाळीला आमच्या आळीत भांडी घासायला कोणाला चिंच लागली नाही.

*

पण चौदा कुलपं सांभाळणाऱ्या सुमनबाईच्या स्वतःच्या दाराला कुलूप नसायचं. कडीसुद्धा नाही. नऊ वर्षांपूर्वी तिचा पोरगा विलास भांडून घरातून निघून गेला, तेव्हापासून दार रात्रंदिवस उघडं.

मी रागवायचो, "बाई, एक दिवस कोनी घर धुऊन नेईन."

"त्याच्यापाशी चावी नाई ना, भाऊ," ती म्हणायची. "दार बंद दिसलं तं तो वापस जाईन."

मी उगाच चष्मा पुसत बसायचो.

*

परवाची दुपार. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. मला अर्धी झोप, मामांना पूर्ण, सुमनबाई आमच्या मागे झाडाला टेकून बसलेली. सडकेवरून एक दाढीवाला आला, खांद्याला बॅग, आणि सरळ त्या उघड्या दाराकडे वळला. मी ओरडलो तसे मामा जागे झाले.

"कोनाचे पाव्हणे? गुलाबरावाचे का?"

तो थांबला.

"मामा," तो म्हणाला, "आपल्या गावात गुलाबराव कोनी नाई."

मागे चाव्या वाजल्या. सुमनबाई उठली, दंडाला धरून त्याला घरात घेऊन गेली, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

संध्याकाळी चौदा घरची माणसं वावरातून परतली. चाव्या आत होत्या. मी दाराकडे बोट दाखवलं. डोक्यावरची गाठोडी उतरवून सगळी कडुनिंबाखाली बसली. दार कोणी वाजवलं नाही.