सामंत सरांची हजेरी

आमच्या मुलुंडच्या कॉलेजात हल्ली मुलं कमी आणि किस्से जास्त! स्टाफरूममध्ये चहा येईपर्यंत एखादा नवा तयार असतो, आणि त्यातले बहुतेक सामंत सरांचे. मूळचे मालवणचे सामंत सर इतिहास शिकवायचे, मी अर्थशास्त्र. आमची टेबलं शेजारी, त्यामुळे "देसाई मॅडम, ऐका!" असं म्हणून ताजा किस्सा ते आधी मलाच सांगायचे.

*

पूर्वी वर्ग असा भरायचा की उशिरा येणारा खिडकीत बसायचा. प्रॉक्सी देणं ही तेव्हा कलाच होती! एकदा एका पठ्ठ्याने स्वतःची, मित्राची आणि मित्राच्या मित्राची हजेरी वेगवेगळ्या आवाजांत दिली. सरांनी मानही वर केली नाही.

"तिसरा आवाज झकास होता. आता तिघेही बाहेर व्हा!"

प्रॉक्सी देणारा वर्गाबाहेर, हा सरांचा नियम. तिथे दयामाया नाही.

*

मध्यंतरी सरांनी 'मी पाहिलेला किल्ला' या विषयावर प्रोजेक्ट दिला. एकाने छान रंगीत प्रिंट काढून आणला. पहिलंच वाक्य होतं, "मी एआय असल्यामुळे किल्ल्यावर प्रत्यक्ष जाऊ शकत नाही."

सरांनी खाली शेरा मारला, "खरं बोलल्याबद्दल दोन मार्क."

*

एका आईचा सकाळी सकाळी फोन. "सर, आज काही इम्पॉर्टंट शिकवणार आहात का? नाहीतर झोपू दे ना त्याला!"

"झोपू दे, वहिनी. इथल्या बाकावर त्याची मान आखडते!"

आम्ही खो खो हसलो. सर मात्र फोन ठेवून हजेरीपट चाळायला लागले.

*

मग बाकावर झोपणारेही येईनासे झाले. एकदा रिकाम्या वर्गाच्या दारात उभे राहून सर म्हणाले, "मेल्यांनो, निदान प्रॉक्सी द्यायला तरी कुणीतरी या रे!"

मला त्या जुन्या गोंगाटाची फार आठवण येते, अगदी मनापासून. सरांची रिटायरमेंट जवळ आली होती आणि त्यांचं मागणं एवढंच, की शेवटच्या लेक्चरला समोर एक तरी विद्यार्थी असावा.

*

त्या लेक्चरचा मेसेज मीच मुलांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे भरपूर आले, मुलं नाहीत! वर्गात चिटपाखरू नव्हतं. शेवटी आम्ही स्टाफरूममधले सगळे जाऊन बाकांवर बसलो.

सर आत आले, आम्हाला बघून थबकले आणि सवयीने हजेरी घ्यायला लागले. ते एकेका मुलाचं नाव घेत आणि आमच्यातलं कुणीतरी "येस सर!" म्हणे. सर ऐकून घेत होते. मान खालीच. मला रडूच येत होतं.

"तन्वी पाटील?"

"येस सर!" मी ओरडले.

"येस सर!" दारातूनही आवाज आला. खरीखुरी तन्वी! घाटकोपरहून धावतपळत आलेली, घामाघूम.

सरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कितीतरी वर्षांनी तो जुना आवाज वर्गात घुमला.

"तन्वी, बस. देसाई मॅडम, बाहेर व्हा!"