न घेतलेली बन्नी

शेवंताची जीभ अशी की माळमड्डीतला भाजीवाला तिला लांबून पाहूनच मूठभर कोथिंबीर जास्तीची काढून ठेवी. अळणावरकडच्या खेड्यातली ही बाई. नवरा धारवाड स्टेशनावर हमाल, आणि ही मुकुंदराव वकिलांकडे धुणंभांडी करायची. सकाळी जिच्याशी कडाकडा भांडली, तिच्याच चुलीतला निखारा संध्याकाळी मागून आणायची. करणार काय? गरिबाला भांडण परवडतं, अबोला परवडत नाही. बाळंतपणाला नि मयताला शेवटी शेजारीणच धावून येते.

वकिलांच्या घरी सगळं उलटं. तिथं आवाज म्हणून कधी चढला नाही. मुकुंदरावांचे सख्खे भाऊ शेषगिरी हुबळीत डॉक्टर, पण दोघांत कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. आईचं श्राद्धसुद्धा दोन घरी वेगवेगळं व्हायचं. कुणाचं काही अडलं नाही. पैसा असला की माणसावाचून कशाला अडतंय, हो!

तर झालं असं, की शेवंताचा धाकटा भाऊ परशुराम, त्याच्या मुलीचं लग्न निघालं. त्यांच्यात मंडपात दिवा धरायचा मान आत्याचा. परशुरामनं गडबडीत तो दिवा बायकोच्या बहिणीच्या हातात दिला, आणि शेवंता नवं लुगडं नेसून समोर उभीच राहिली. तिच्या काळजाला घरं पडली. न जेवताच ती परतीच्या गाडीत बसली.

असलं काही मिटवायची त्यांच्यात एक रीत होती. दसऱ्याला ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या हातावर बन्नीची, म्हणजे शमीची, पानं ठेवायची, सोन्यासारखं राहू म्हणायचं, की झालं. चुकलं कुणाचं, हे तोंडातून काढायचंच नाही; काढलं की पुन्हा डोकी फुटायची.

पण शेवंतानं आपलं दुःख वकिलांच्या बायकोला, इंदुमतीबाईंना सांगितलं. बाई मनानं चांगल्या, खोटं कशाला बोला. त्या म्हणाल्या, चूक सर्वस्वी त्याची आहे, तर ती त्यानं तोंडानं कबूल केली पाहिजे. पानं देऊन भागत नाही. आज अपमान गिळलास तर उद्या पुन्हा होईल. एवढी शिकलेली बाई आपल्या बाजूनं बोलते, म्हणून शेवंताच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परशुराम धारवाडला आला. वकिलांच्या मागच्या दारी धुळीच्या पायांनी उभा राहिला.

"अक्का, बन्नी घे."

शेवंतानं हात पदराखाली घेतले. "आधी चुकलो म्हण."

तो गोंधळला. असं कुणी कुणाला म्हटलेलं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. गाडीची वेळ झाली म्हणाला नि पानं मुठीत धरूनच निघून गेला. शेवंता ताठ मानेनं भांडी घासायला बसली. इंदुमतीबाईंनी तिला शाबासकी दिली.

मार्गशीर्षात तिकडं परशुरामच्या गावी हिवतापाची साथ आली. निरोप मिळून शेवंता पोचेपर्यंत परशुरामची माती झाली होती. भावजय लीला शिव्या घालील, अशी मनाची तयारी करूनच ती गेली होती. घातल्या असत्या तर बरं झालं असतं! लीला तिच्या गळ्यात पडली. म्हणाली, ते रागावले नव्हते तुमच्यावर. म्हणायचे, अक्का थोरामोठ्यांत राहते, तिथं तोंडानं बोलावं लागतं, ते मला जमलं नाही.

"तापात तेच घोकत हुते, वन्सं. चुकलो अक्का, चुकलो."

शेवंताचा हंबरडा पार वेशीपर्यंत ऐकू गेला.

ती धारवाडला परतल्यावर इंदुमतीबाई न्हाणीपाशी येऊन तिच्याजवळ बसल्या. त्यांचेही डोळे भरले होते. मनाला लावून घेऊ नकोस, तुझं काही चुकलं नव्हतं, असं त्यांनी तिला परोपरीनं समजावलं.

शेवंता खाली बघूनच बोलली. "व्हय, वैनीबाई. माझं काईच चुकलं न्हवतं. आता तेवढंच उरलंय माझ्यापाशी."