फाटकाबाहेरचं नांदेड

एका मंगळवारी बाबा मरोळच्या कारखान्यात कामावर असताना गेले. निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर आला.

ते मूळचे नांदेडचे. तिथे आता आमचं कोणी उरलं नव्हतं, पण पार्ल्याच्या दोन खोल्यांत रात्री जेवताना ते गाव निघायचंच. शिखांच्या दहाव्या गुरूंनी अखेरचे दिवस तिथे काढले, यापुढे ग्रंथालाच गुरू माना असं तिथेच सांगितलं. संध्याकाळी गुरुद्वारात जुनी शस्त्रं दाखवतात. दसऱ्याला घोडे धावतात. आणि रोज उजाडण्याआधी गोदावरीचं पाणी घागरीत आणून आतली जागा धुतात.

“नुसतं सांगता. दाखवा की एकदा,” आई म्हणायची.

“रिटायर झालो की.”

अस्थी गोदावरीतच सोडायच्या, हे आईने ठरवलं. मला भाऊ नाही. मनमाडला गाडी बदलून आम्ही दोघीच गेलो. घाटावर भटजींनी सांगितलं तसं मी केलं.

नंतर आई गुरुद्वाराच्या फाटकापर्यंत आली आणि थांबली. “सुतकात देवळात जात नाहीत.”

“हे देऊळ नाही गं.”

“देवाची जागा आहे ना?” ती भिंतीच्या सावलीत बसली. तिथून घुमट अर्धाच दिसत होता.

आत निघालेली एक वयस्कर शीख बाई आमच्यापाशी थांबली. तिची मराठी बाबांच्या गावाकडची होती.

“बाहेर कामून बसलीस, बाई?”

आईने नवऱ्याच्या अस्थींचं आणि सुतकाचं सांगितलं.

“आमच्यात नसतंय सुतक-बितक. चल, लंगरात जेवून घे.”

आई हलेना. बाई तिच्याशेजारी टेकली. मग म्हणाली, “नदीत सोडलंस ना त्याला? त्याच नदीचं पाणी रोज घागरीनं आत जातंय. गेलाच की तो आत.”

“जाणारच,” आई म्हणाली. “कुठेही निघाले की माझ्यापुढे. मागे वळून बघतील तर शपथ.”

बाईने आतून रोटी आणि डाळ आणून दिली. बाबा गेल्यापासून आई चहावरच होती. तिने तिथेच भिंतीशी बसून सगळं खाल्लं. आत मात्र गेली नाही.

“सुतक फिटलं की येऊ,” म्हणाली.

सुतक फिटलं. मग माझी नोकरी, मग तिचे गुडघे. जाणं झालं नाही.

तिच्याही अस्थी मी गोदावरीतच सोडल्या. तेव्हाही सुतकच होतं. फाटकापर्यंत गेले आणि ती बसली होती तिथे बसले.

आतली जागा मी अजून पाहिलेली नाही. बाबांनी सांगितली तेवढीच मला माहीत आहे.