सांगलीचा फळा

मी मुळातच संशयी. आई म्हणायची, हिला देवानं हातानं प्रसाद दिला तरी ही आधी हुंगून बघेल. सांगलीच्या कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकत होती आणि तिला गप्प बसवील असं पुढं कितीतरी दिवस काही घडलं नाही.

आमचं गाव उंब्रजजवळ. सत्तरच्या दशकात आमच्या भागात एक नवं कॉलेज निघालं होतं. हायस्कुलाच्याच चार खोल्या, तीच बाकं, तीच घंटा. वर्गात मूठभर पोरं आणि आम्ही तीन मुली. मुली पहिल्या बाकावर, हा नियमच होता. सरांचं टेबल इतकं जवळ की फळा पुसला की खडूची भुकटी आमच्या वेण्यांवर बसायची. तिथं मी दोन्ही वर्षं पहिली आले. पण सायन्स तिथं दोनच वर्षांपुरतं होतं. डिग्री हवी तर शेवटच्या वर्षाला सांगली गाठायची.

घरात कुणालाच ते पसंत नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले. त्यांनी होकार दिला, पण अट घालून. मेढ्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा फौजेतच. आबा म्हणाले, "सहामाहीत पास झालीस तर पुढं शीक. न्हाईतर दिवाळीनंतर बैठक." बैठक म्हणजे लग्नाची बोलणी. मी मान हलवली. पहिली येणाऱ्या मुलीला सहामाहीची काय भीती.

सांगलीतला वर्ग म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा भला मोठा हॉल. एक बाजू मुलींची, पण तिथल्या मुली पहिल्या वर्षापासून एकत्र. घंटेच्या आधीच पुढच्या बाकांवर त्यांचे रुमाल आणि वह्या पडलेल्या असत. मला जागा मिळाली ती सगळ्यात वर, शेवटच्या बाकावर, माझ्या हॉस्टेलच्या खोलीतल्या मुलीशेजारी. ती जिल्ह्याच्या पूर्वेकडची, दुष्काळी भागातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. बोलायची कमी. मला वाटलं, पोटात काहीतरी ठेवून आहे.

केमिस्ट्रीचे सर वर्गात आले, फळ्याकडे तोंड केलं आणि लिहायला लागले. लिहायला लागले म्हणजे खडू फिरवायला लागले. फळ्यावर नुसतं पांढुरकं काहीतरी पसरत होतं, ओला हात पुसल्यासारखं. मी वाट बघितली. आमच्या कॉलेजात असं झालं असतं तर मागून कुणीतरी ओरडलं असतं, "सर, दिसंना." इथं कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांच्या माना खाली आणि पेनं भराभरा चाललेली. शेजारची तर बेंझिनच्या षटकोनांवर षटकोन काढत होती.

ज्या फळ्यावरचं काही दिसत नाही, तो बघून ही सगळी लिहितात काय? मी दोन दिवस विचार केला आणि उत्तर सापडलं. यांना नोट्स आधीच मिळालेल्या आहेत. सर घरी शिकवण्या घेत असणार, शिकवणीला येणाऱ्यांना सगळं आधीच देत असणार आणि वर्गात हे चाललंय ते नाटक. म्हणूनच सर बारीक आणि फिकट लिहितात, म्हणजे बाहेरून आलेल्याला काही लागायला नको.

आज हसू येतं, पण तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. एकदा हे डोक्यात बसल्यावर पुरावे आपोआप मिळत गेले. व्हरांड्यात समोरून येणाऱ्या मुली ओळख दाखवत नव्हत्या. पुढच्या बाकावरच्या मागं वळून बघायच्या आणि एकमेकींत कुजबुजायच्या. म्हणजे खेड्यातून आलेली पहिल्या नंबरवाली यांना खुपत होती, सगळ्या मला पाण्यात बघत होत्या. मग मीही ठरवलं, आपण कशाला तोंड वेंगाडायचं. मान ताठ ठेवून मी जायला-यायला लागले.

'दिसत नाही' हे मी सरांना का सांगितलं नाही, असं मला पुढं पुष्कळांनी विचारलं. कुणालाच दिसत नाही अशी माझी खात्री असताना मी एकटीनं उठून का सांगायचं? सगळा हॉल हसला असता. मी कानांनी शिकायला लागले. पण सर बोलत कमी आणि षटकोन काही ऐकून काढता येत नाहीत.

सहामाही झाली. प्रॅक्टिकलला मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले आणि थिअरीत मी आपटले. सरांनी खोलीत बोलावलं. आधी पेपराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"प्रॅक्टिकल तू स्वतः केलंस?"

"व्हय सर." घाबरलं की माझ्या तोंडून गावची भाषा निघायची.

"शेजारच्या मुलीनं रीडिंग दिलं नाही?"

म्हणजे चोर मी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ब्युरेटची काचनळी नाकासमोर असते, तिच्यातला थेंब न् थेंब मला दिसतो, हे त्यांना सांगायचं मला सुचलंच नाही. आमच्या कॉलेजचं नाव घेऊन ते म्हणाले, "तिकडचे मार्क आम्ही जरा बघूनच घेतो." मी बाहेर आले ती डोळे पुसत. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले होते आणि आबा मला न्यायला येणार होते. नापास म्हणजे बैठक. माझ्याजवळ एकच रस्ता होता, ती शिकवणी रंगेहाथ पकडायची.

खोलीतली मुलगी दर रविवारी दुपारी पिशवी घेऊन, कुठं जाते ते न सांगता बाहेर पडायची. त्या रविवारी ती हिरवी साडी नेसून निघाली. मी थोडं अंतर ठेवून मागं. हॉस्टेलच्या फाटकातून रस्त्याला, रस्त्यावरून पेठेत. हळदीच्या वासानं नाक भरलं होतं, हातगाड्या आडव्या येत होत्या, पण मी हिरव्या साडीवरची नजर हलू दिली नाही. साडी एका बोळात वळली, एका घरात शिरली. मी धावत जाऊन उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हणाले, "सापडलीस का न्हाई?"

हिरव्या साडीतल्या बाई मागं वळल्या. पन्नाशीच्या तरी असतील. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती.

"कोन पायजे?"

"सरांची शिकवणी..."

"हितं कसली शिकवणी? हितं आमचं मालक झोपल्यात," बाई म्हणाल्या, आणि मला वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी दार लोटलं.

बोळाच्या तोंडाशी माझी खोलीतली मुलगी उभी होती. तीही हिरव्याच साडीत. धावल्यामुळं तिला धाप लागली होती.

"आगं, कवापासनं हाका मारतीया. आमच्या म्होरनंच गेलीस की."

तिचा थोरला भाऊ दर रविवारी पेठेत घोंगड्या विकायला बसायचा. त्याच्यासोबत घरून भाकरी-कालवण यायचं आणि ती त्याच्याशेजारी बसून जेवायची. मी त्या दोघांच्या पुढ्यातून, तिनं हात हलवून बोलावलेलं असताना, नाकासमोर चालत गेले होते. पिशवीवाल्या बाईंच्या मागं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग समोरच्या दुकानाकडे बोट करून म्हणाली, "त्या दुकानावर काय लिवलंय?"

"कुठं लिवलंय?"

तिनं माझा दंड धरला आणि रस्ता ओलांडून मला दुकानाच्या अगदी जवळ नेलं. हातभर मोठी लाल अक्षरं हळूहळू बाहेर आली. भुसारी माल, ठोक व किरकोळ.

"तुला दिसत न्हाई," ती म्हणाली. "आन आमी समजत हुतो तू लय गर्वाची हायस. पयल्या आठवड्यात समद्या पोरी तुज्याकडं बघून हसल्या. तू त्वांड फिरवून गेलीस."

मला आनंद वगैरे काही झाला नाही. राग आला. आधी वाटलं, हिनं शिकवणी झाकायला हा बनाव केला. तिनं ओळखलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरायच्या आधीच ती मला रिकाम्या हॉलमध्ये घेऊन गेली. शनिवारचा फळा पुसायचा राहिला होता. शेवटच्या बाकापाशी उभी करून म्हणाली, "आता एकेक पायरी खाली उतर."

मी उतरत गेले. मधल्या बाकांपर्यंत पांढुरका डागच होता. मग त्यात रेघा दिसायला लागल्या. तिसऱ्या बाकापाशी एक षटकोन उघडला, मग त्याच्या शेजारचा. पहिल्या बाकापाशी सगळा फळा समोर होता, टपोरं आणि वळणदार अक्षर, ओळीत एकही वाकडी रेघ नाही. सरांसारखं सुंदर अक्षर मी त्याआधी बघितलं नव्हतं. मी त्या बाकावर बसून खूप रडले. ती माझ्या शेजारी बसली आणि मग तिनं आपल्या सगळ्या वह्या माझ्या पुढ्यात ठेवल्या.

आबा आले ते मला दिवाळीला न्यायला आणि निकाल ऐकल्यावर कायमचं न्यायला. ट्रंक भरायला सांगितली. एसटी स्टँडपर्यंत ते माझ्यापुढं भराभर चालत होते. तिथं बाकावर बसल्यावर मी धीर करून म्हणाले, "आबा, मला लांबचं दिसत न्हाई. म्हणून नापास झाले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते एखाद्या कामचुकार जवानाकडे बघावं तसं. "फायरिंगची पाळी आली की निम्म्या पोरांना दिसत न्हाई," ते म्हणाले. "लय बघितल्यात मी असली."

आमच्या घरात डोळ्यांना फार मान होता. भरतीच्या मेडिकलला अडायला नको म्हणून आबा सुट्टीवर आले की माझ्या भावांना लांबच्या लिंबावरचे कावळे मोजायला लावायचे. मी तेव्हा आईबरोबर चुलीपाशी असायचे. मुलींना भरती नाही, म्हणून मुलींचे डोळे कुणी बघत नसे.

"बस हितंच. पानी घिऊन येतो," म्हणून ते गेले.

मी बसले. गाड्या येत होत्या, जात होत्या. कुठली कुठली ते मला कळत नव्हतं. मी लहानपणापासून गाडी विचारूनच चढायचे आणि सगळे तसंच करतात असं समजायचे. गर्दी इकडून तिकडे हलत होती. बराच वेळ झाला. शेवटी एक पांढरा सदरा गर्दीतून माझ्याकडे यायला लागला आणि अगदी जवळ आल्यावर त्याचे आबा झाले.

"मिळालं का पानी?" मी विचारलं.

त्यांच्या हातात काही नव्हतं. ते माझ्या शेजारी बसले. त्यांनीच मग सांगितलं, ते पाण्याला गेलेच नव्हते. स्टँडच्या पलीकडच्या खांबापाशी, माझ्या समोर, टोपी काढून उभे होते. मी सोंग करत असले तर पकडायची म्हणून. त्यांनी हात वर केला होता, हलवला होता. मी त्यांच्याकडे तोंड करून बसले होते आणि माझ्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

"कवापासनं हाय हे?" त्यांनी विचारलं.

"ठावं न्हाई. पयल्यापासनंच असंल."

आबा गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. कऱ्हाडची गाडी लागली, तिचा पुकारा झाला, तरी ते उठले नाहीत.

"मी सुट्टीवर यायचो," ते म्हणाले, "तवा तुजं भाऊ वड्याच्या वळणावरच मला बघून पळत यायचं. तू दारातच हुबी ऱ्हायाचीस. मी हात करायचो. तू बघायचीस आन हलायची न्हाईस." मग म्हणाले, "मला वाटायचं, ह्या पोरीला माजा राग हाय. बाप घरी नसतो म्हणून."

मला आठवत होतं ते एवढंच, की आबा यायचे तेव्हा एकदम दारातच यायचे.

कऱ्हाडची गाडी गेली. आबांनी ट्रंक उचलून खांद्यावर घेतली आणि मला घेऊन ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले. रस्त्यात म्हणाले, "मेढ्याला मी कळवतो. पोरीला चष्मा हाय आन परीक्षेपतूर ती मोकळी न्हाई, म्हणून." त्यांनी कळवलं. तिकडून पुन्हा काही निरोप आला नाही. आई महिनाभर कुढत राहिली, चष्मेवाली सून कोण करून घेणार म्हणून.

सुट्टी संपवून मी चष्मा लावून सांगलीला परत आले. शेवटच्याच बाकावर बसायचे, शेजारणीला सोडून पुढं जायची मला इच्छा नव्हती. मुली पहिले काही दिवस जपूनच हसल्या. मीही जपूनच हसले. संशय असा एका चष्म्यानं जात नाही.

थंडीत आबा मला भेटायला आले. गाडीला उशीर झाला होता. मी स्टँडच्या त्याच बाकावर बसले होते. पार पलीकडच्या टोकाला एक गाडी लागली, तिची पाटी मी वाचली आणि दारातून आबा उतरले. गर्दीत त्यांना मी दिसत नव्हते. ते टाचा उंचावून इकडून तिकडे बघत होते. मला शोधताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते मी तोवर कधीच बघितलं नव्हतं. मी जरा वेळ बघत राहिले आणि मग पळत सुटले.