मनुबाईची पांढरीशुभ्र वजडी

ठाण्याजवळच्या बाळकुमात आता उंच इमारती झाल्या. पण तिथे कोळीवाड्याचा वास दरवळायचा तेव्हाची ही गोष्ट. बकऱ्याची वजडी, म्हणजे पोटातली आतडी, साफ करावी ती मनुबाईनेच, असं सगळे म्हणायचे. आतडं काडीवर उलटं करायचं, चुना चोळायचा, सुरीच्या पाठीने खरवडायचं, सात पाण्यांनी धुवायचं. कापसासारखं पांढरं निघायचं. खाडीतली मासळी आटली तशी ती ठाण्याच्या एका कॉलेजात लॅबमधलं काचसामान धुवायला लागली. १९८७ साल असेल. बाटल्याही ती अशा धुवायची की आत तोंड दिसावं.

तिथे डोंबिवलीहून सरस्वती मॅडम यायच्या. वय पंचवीस, अंगाने काडी, आणि डोक्यात सदानकदा दही. दह्यातले जंतू पोटातून नुसते वाहून जातात, की आतड्याच्या अस्तराला चिकटून राहतात, हे त्यांना शोधायचं होतं. चिकटले तर तिथे बस्तान मांडतात, वाईट जंतूंना जागा देत नाहीत, असं त्या सांगायच्या. मनुबाईला पटायचं. खोली रिकामी ठेवली की कोणीही घुसतं, एवढं तिलाही ठाऊक होतं.

प्रयोगाला बकऱ्याचं आतडं लागायचं. मॅडम जन्माच्या शाकाहारी, खाटकाच्या दुकानावरून जातानाही नाकाला पदर. "मनुबाई, तुम्ही आणाल का? स्वच्छ करून आणा हं." मनुबाईला आणखी काय हवं? दगडू खाटकाकडून सकाळी ताजं आतडं घ्यायचं आणि आपली सगळी कला त्यावर ओतायची. तो तुकडा पाहून मॅडम म्हणायच्या, "किती सुंदर!"

मग त्या तो जंतूंच्या पाण्यात अर्धा तास बुडवायच्या, मिठाच्या पाण्याने धुवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या. काही नाही. पाच जातींचे जंतू आजमावून झाले, एकही टिकेना. दिवाळीपर्यंत हाती काही लागलं नाही तर शिष्यवृत्ती बंद. आणि ती बंद झाली की घरच्यांनी दोन गल्ल्या पलीकडचं डोंबिवलीतलंच स्थळ बघून ठेवलेलं. मॅडम डबा न उघडता घरी न्यायला लागल्या.

एका दुपारी त्यांनी मनुबाईला फळ्यावर आतडं काढून दाखवलं. "हे बघा, आत हा बुळबुळीत थर असतो ना, जंतू धरतात ते यालाच."

मनुबाईने फळ्याकडे पुन्हा नीट बघितलं. तो थर तर ती रोज खरवडून मोरीत सोडत होती!

दोन दिवस ती तोंडात मिठाची गुळणी धरून वावरली. नोकरी हंगामी, सांगितलं तर हाकलतील. पण खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा नाकच जास्त आड येत होतं. मनुबाईच्या धुण्यात खोट? तिसऱ्या दिवशी मॅडम खिडकीशी पाठमोऱ्या रडताना दिसल्या आणि तिला राहवेना.

"म्याडम, तुमचं काय बी चुकलं नाय. ती बुळबुळ मीच खरवडून टाकलीय. चुना चोळून."

मॅडम हसायला लागल्या, हसता हसता पुन्हा रडल्या. "अहो, स्वच्छ करा असं मीच म्हटलं होतं की!"

दुसऱ्या दिवशी आतडं नुसतं पाण्याखाली धरून आणलं. असलं गबाळं काम लोकांपुढे नेताना मनुबाई लाजेने अर्धी झाली होती. चार जातींचे जंतू धुण्यात गेले, पाचवे राहिले. मॅडमनी आधी तिलाच स्टुलावर बसवलं. जांभळ्या रंगवलेल्या बारीक काड्या अस्तराला दाटीवाटीने धरून होत्या. तीनदा धुतलं होतं, तरी तिथेच.

दिवाळी सुखाची गेली. उन्हाळ्यात मॅडमना गुजरातेतल्या एका संस्थेत नोकरी लागल्याचं पत्र आलं. शेवटच्या दिवशी त्यांनी निरोपाला हात पुढे केला, तो मनुबाईने दोन्ही हातांत धरला.

"तुमचे जंतू तीनदा धुतले तरी हालले नाय," ती म्हणाली, "आन् तुमी एका कागदावर निघाल्या."

आपण गप्प बसलो असतो तर पोरगी डोंबिवलीतच राहिली असती, असं तिच्या मनात येऊन गेलं. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की घट्ट धरलेला हात तिने चटकन सोडला.