मांडवाखालचं ऊन

कल्याणच्या आमच्या शाळेत झाड नव्हतं, म्हणून उन्हाळ्यात गुरुजींनी कुंपणालगत झावळ्यांचा मांडव घातला. घातला रविवारी, भर दुपारी. आणि शाळा सकाळची! सोमवारी मांडवात बसलो, तर तिरपं ऊन थेट तोंडावर. सावली पडली होती पलीकडे, शेजारच्या काकूंच्या अंगणात, त्यांच्या पापडांवर.

"गुरुजी, माझे पापड वाळायचे कसे?" काकू कडाडल्या.

चूक कबूल करतील तर ते गुरुजी कसले! त्यांनी आमचा वर्ग काकूंच्या अंगणात नेला, आणि काकूंचे पापड आमच्या मांडवाखाली खुशाल वाळू लागले. कावळे हाकलायला रोज एकाला तिथे उन्हात बसावं लागे. सगळे त्यासाठी भांडायचे. अर्धओल्या पापडापुढे सावलीला कोण विचारतो?