हॅलोमामाचा आवडता सीन

हॅलोमामाकडे पंखा दुरुस्तीला न्यायचा म्हणजे पंख्याबरोबर एक सिनेमाही ऐकून यायचा. मामा जाळी उघडणार, आत फुंकर मारणार आणि विचारणार, "तो व्हॉलीबॉलवाला हिंदी पिक्चर पाहिलात की नाही?" पाहिला म्हणा, नाही म्हणा, सुटका नव्हती. पाहिला म्हणाल तर परीक्षा, नाही म्हणाल तर पहिल्यापासून सगळी गोष्ट.

एरवी माणूस शहाणा. पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचा आणि मैदानावर सामने असले की स्वतःचे कर्णे बांधून स्वतःच माईकवर बसायचा. "हॅलो, हॅलो"ने सुरुवात व्हायची, म्हणून हे नाव. त्या सिनेमातला हिरोही सामन्यांचं वर्णन करणाराच. खेळाडू नाही, पैलवान नाही, चक्क माईकवाला! आपल्या धंद्याची कदर याच एका सिनेमाने केली, असं मामाचं ठाम मत होतं. त्यातलं प्रेमही त्याला भारी आवडायचं. हिरो हिरॉइनच्या मागे मागे फिरत नाही, नुसतं माईकवर तिचं नाव घेतो, आणि दर सामन्यात ते नाव थोडं जास्त सांभाळून घेतो. "एवढंच! कळतंय का?" असं म्हणताना मामाचा स्क्रूड्रायव्हर हवेत थांबायचा. तक्रार एकच होती. सिनेमातला माईक एकदाही शिट्टी मारत नाही, हे त्याला पटायचं नाही.

आणि मग शेवटचा सीन. निर्णायक सेट, हिरॉइन सर्व्हिसला उभी, आणि हिरो भर स्टेडियममध्ये माईकवर सांगून टाकतो की माझं हिच्यावर प्रेम आहे. लोक उभे राहतात, ती हसते, सर्व्हिस मारते आणि जिंकते. मामा इथे दर वेळी रडायचा, आणि लपवायचाही नाही.

मामा जगाचा मामा असला तरी सख्खा भाचा एकच, बहिणीचा मुलगा. वेल्डिंगच्या कारखान्यात कामाला, आणि बोलण्याच्या बाबतीत मुलखाचा कंजूष. एक दिवस दुकानात येऊन बराच वेळ सोल्डरच्या तारेशी चाळा करत बसला आणि म्हणाला, "मामा, इस्पितळाच्या व्हॉलीबॉल टीममध्ये ती उंच नर्स आहे ना, ती मला आवडते. तिला माहीत नाही. तू कुणाला बोलू नकोस."

"माझ्या तोंडाला कुलूप," मामा म्हणाला.

कुलूप रविवारपर्यंत टिकलं. महिलांची फायनल होती, इस्पितळाची टीम शेवटच्या सेटमध्ये पुढे होती आणि नेमकी तीच सर्व्हिसला आली. भाचा पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. मामाच्या डोक्यात सिनेमा सुरू झाला आणि अक्कल उठून बाहेर गेली.

"हॅलो, हॅलो! सर्व्हिसला उभी आहे आपली लाडकी खेळाडू. आणि तिकडे टाकीजवळ उभा आहे माझा सख्खा भाचा, ज्याचं हिच्यावर मनापासून प्रेम आहे! होऊन जाऊ द्या टाळ्या!"

टाळ्या कसल्या, शिट्ट्या आल्या. मग हशा. कोणीतरी ओरडलं, "वहिनी, जोरात मारा!" पहिल्या रांगेत बसलेले तिचे वडील स्वतःच्या चपलांकडे बघू लागले. ती चेंडू छातीशी धरून तशीच उभी राहिली. रेफ्रीने घाई केली तेव्हा तिने सर्व्हिस मारली ती जाळ्यात. पुढच्याच मिनिटाला तिला बाहेर बसवलं. तिने तोंडावर टॉवेल घेतला तो सामना हरेपर्यंत काढला नाही. टाकीजवळ कोणीच उरलं नव्हतं.

ती सरावाला येईनाशी झाली. इस्पितळात तिला सगळे वहिनी म्हणतात, अगदी पेशंटचे नातेवाईकसुद्धा, ही बातमी एका गिऱ्हाइकाने इस्त्री देता देता हसत हसत दिली. "मामा, काय बार उडवलात!" मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहिणीचा फोन आला, "दादा, पोरगा जेवताना मान वर करत नाही. काय करून ठेवलंस हे?"

त्या संध्याकाळी मामाने सिनेमा लावला. आपलं चुकलं कुठे, ते त्याला बघायचं होतं. बायको शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटचा सीन आला. हिरो बोलतो, पडद्यावर गर्दी दिसते, पुन्हा हिरो, पुन्हा गर्दी, कोणाचे तरी भरलेले डोळे. हिरॉइन दिसते ती थेट हसतानाच.

"अगं, मधे तिचा चेहरा दाखवलाच नाही!"

"नाहीच दाखवत," बायको म्हणाली. "मला तो सीन कधीच आवडला नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही रडत असायचात. आणि विचारलंत कधी?"

मामाने सिनेमा बंद केला. मग म्हणाला, पुढच्या सामन्याआधी माईकवरून जाहीर माफी मागतो. बायकोने हातातली घडी आपटली. "परत माईकच का? पायांनी जा की तिच्याकडे!"

तो गेला. ड्यूटी संपवून ती इस्पितळाच्या फाटकातून बाहेर पडली तसा हात जोडून आडवा आला. "पोरी, चुकलो गं."

"मामा, इथे नको. लोक बघतायत."

माफीसुद्धा चारचौघांतच! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला. सायकल स्टँडच्या आडोशाला जाऊन ती म्हणाली, "खेळ मी सोडणार नाही. पुढच्या सामन्याला येईन. फक्त माईकवर तुम्ही नको."

"नाही बसणार."

"तुमच्या भाच्याने माझ्या मैत्रिणीकडून निरोप पाठवला होता. मी मैदानावर असेन तेव्हा तो तिकडे फिरकणार नाही म्हणे. त्याला सांगा, माझा त्याच्यावर राग नाही." ती सायकल काढून निघून गेली. आपल्यावर राग आहे की नाही, हे विचारायची मामाची हिंमत झाली नाही.

पुढच्या सामन्याला माईकवर पोस्टातला एक कारकून बसला. मामा मागे ॲम्प्लिफायरशी, तोंड मिटून. ती सर्व्हिसला आली. इतर मुली आधी जाळ्याकडे बघायच्या, समोरच्या टीमकडे बघायच्या. तिने मान वर करून खांबावरच्या कर्ण्याकडे पाहिलं, क्षणभर थांबली आणि मगच चेंडू मारला. पुढच्या सर्व्हिसलाही तसंच. मामाच्या ते लक्षात आलं. त्याने ॲम्प्लिफायरमागे हात घालून कर्ण्याची पिन उपसून काढली.

"हॅलो? हॅलो?" कारकून माईकवर टिचक्या मारू लागला. "मामा, आवाज गेला!" लोकही ओरडले, "आवाज गेला, आवाज!"

"जाऊ दे," मामा म्हणाला. "बंदच बरा."

सामना तसाच सुरू राहिला. ती पुन्हा सर्व्हिसला आली. चेंडू हातात घेतला आणि आधी वर, बंद कर्ण्याकडे पाहिलं.